लझरची सावड

"दाबायचं नाही गं. दाबलंस की गोळा होतो. तळहात नुसता फिरवायचा, तान्ह्याच्या डोक्यावरून फिरवतात तसा. आणि आधी बिस्मिल्ला म्हण."

साल्हानं, लझरच्या बायकोनं, हे सांगितलं होतं ते नाइलाला, थोरल्या मुलीला. दोन उन्हाळ्यांपूर्वी, याच अंगणात. लझर तेव्हा भिंतीपलीकडे कातरीला धार लावत बसला होता. बायकांचं काम, बायकांचं बोलणं. कानावर पडलं आणि त्यानं सोडून दिलं. आता साल्हा नव्हती आणि तिच्या सगळ्या शिकवण्यातलं तेवढंच त्याच्यापाशी उरलं होतं. पुढ्यात काठवट होती, काठवटीत रवा होता, शेजारी मिठाच्या पाण्याचा वाडगा होता. अंगणाच्या दाराला त्यानं आतून अडसर घातला होता.

"बिस्मिल्ला," तो म्हणाला आणि रव्यात हात घातला.

"बाबा, आधी पाणी शिंपडायचं," नाइला म्हणाली.

"किती?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

 नाइलानं आईचा हात पाहिला होता. हातातून किती पाणी सुटायचं ते काही मोजलं नव्हतं. शेवटी तिनं बोटं बुडवून झटकली, लझरनंही तसंच केलं, आणि तळहात फिरवायला लागला. रव्याचे कण एकमेकांना धरायला लागले, मग जास्तच धरायला लागले. हरभऱ्याएवढे गोळे झाले. धाकट्या हनियानं त्यातला एक उचलून तोंडात टाकला आणि खारट लागला म्हणून खुदकन हसली.

ऐन तर्फा गावात आजवर कुणा पुरुषानं कुसकुस, वर्षाच्या बेगमीचा तो रव्याचा दाणा, वळला नव्हता. खायला सगळे बसायचे.

साल्हा हिवाळ्यात गेली. पोटातलं मूल आधी गेलं, आणि मग ताप तिला घेऊन गेला. त्या वर्षी माळावर पाऊसही फिरकला नाही. गवत उगवायच्या आधीच वाळलं, लोकांनी कळप निम्म्यानं विकून टाकले. लझर मेंढ्या कातरणारा. वसंतात डोंगरापायथ्याच्या कळपांमागून हिंडायचं, एकेक मेंढी गुडघ्यात धरून लोकर उतरवायची, हे त्याचं काम. यंदा कातरायला मेंढ्याच थोड्या होत्या. तेवढ्या दिवसांपुरत्या त्यानं मुली त्यांच्या आजीकडे, शेजारच्या गावी ठेवल्या. मजुरी म्हणून गहू घेतला आणि परत येऊन मुली घरी पाठवा असा निरोप दिला.

मुली आल्या, पण एकट्या आल्या नाहीत. पुतण्याची गाडी करून आजी स्वतः आली. हजहून आल्यापासून तिला सगळे हज्जाच म्हणायचे, जावईसुद्धा. ती गाडीतून उतरली, कुणाशी न बोलता सरळ कोठीच्या खोलीत गेली, आणि ओळीनं ठेवलेल्या पाच रांजणांवर बोटांच्या पेरांनी टकटक करत गेली. पाचही रांजण घणघणले.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"रांजण."

"रांजण मलाही दिसतात. आत काय आहे?"

लझरनं एका रांजणाचं झाकण काढून दाखवलं.

"माझ्या साल्हानं हे रांजण कधी असे वाजू दिले नाहीत," हज्जा म्हणाली. "वर्षाची बेगमी नाही त्याला काय घर म्हणायचं? पाहुणा आला तर दुकानातली पुडी फोडशील? मुली माझ्याकडे राहू देत. तू कमव, दुसरी बायको कर, कुणी तुला नावं ठेवणार नाही."

"मुली घरीच राहतील, हज्जा. रांजण भरीन."

"कोण भरणार?"

"मी."

दारात उभा असलेला पुतण्या फिस्सकन हसला. हज्जा हसली नाही. तिनं जावयाच्या हातांकडे बघितलं. लोकरीच्या चरबीनं मऊ पडलेले, कातरीच्या चिरांनी भरलेले हात.

"जैतुनाची फळं उतरवायला लागायच्या आधी मी येईन," ती म्हणाली. "पाचही भरलेले दिसले तर मुली तुझ्या. नाहीतर गाडीत बसवून नेईन. तेव्हा मग रडारड नको."

गावातला जो तो हज्जाच्याच बाजूचा होता. आई गेली की मुली आजीच्या, यात बोलायचं काय? लझरचा थोरला भाऊ अम्मार रोज संध्याकाळी येऊन चुलीपाशी बसायचा आणि तेच तेच सांगायचा.

"अरे, मुलींना नेतेय ना ती, मेंढ्या नाही. चांगलं खायला घालेल. तू लग्न कर. सालिमची विधवा बहीण आहे, धड बाई आहे, हाताला चव आहे तिच्या."

"कुसकुस वळायला बायको आणू?"

"कशालाही आण. बाईमाणूस नाही त्या घरात पोरी वाढतात का? उद्या मोठ्या होतील. कुणाला विचारायचं ते तुला विचारतील का त्या?"

 लझरनं चुलीत काटकी सारली. "विचारतील तेव्हा सांगीन, नाही कळलं तर भिंतीपलीकडच्या दलंदा वहिनीला विचारून सांगीन," तो म्हणाला.

गहू धुवायचा, वाळवायचा, निवडायचा. निवडायला नाइला बसायची, खडे वेचून हनियाच्या ओंजळीत द्यायची आणि हनिया ते कोंबड्यांना टाकायची. मग पोती गाढवावर घालून लझर बाजारगावच्या गिरणीला गेला. गिरणीच्या रांगेत बायका होत्या. त्यांनी त्याला पुढे जायला वाट दिली, वर "बिचारा गं," असंही म्हणाल्या, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. परत येताना तय्यबच्या कॉफीच्या दुकानासमोरून यावं लागायचं. तिथं दुपारभर पत्ते चालायचे.

"या लझरबाई!" तय्यब ओरडला. "जाडा काढलात की बारीक?"

"जाडाही आहे, बारीकही आहे," लझर म्हणाला आणि गाढव हाकत राहिला.

"वळून झालं की आमच्या घरी पण या हो! आमच्या बायकोची कंबर धरलीय!"

सगळे हसले. त्यातल्या दोघांच्या मेंढ्या लझरनं त्याच वसंतात कातरल्या होत्या.

आमच्याकडे कुसकुस एकटीनं कुणी वळत नाही. सावडीनं काम चालतं. आज माझ्या अंगणात चौघी, उद्या त्यातल्या एकीच्या अंगणात मी. बोलत, गात, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत दिवस जातो आणि संध्याकाळी गच्चीवर पिवळा कुसकुस पसरलेला असतो. साल्हानं दरवर्षी सगळ्यांच्या सावडी फेडल्या होत्या. म्हणून लझर आधी दलंदा वहिनीकडे गेला. दाराबाहेर उभा राहून, मान खाली घालून त्यानं विचारलं.

दलंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. साल्हा तिचा जीव की प्राण होती. "भाऊजी, मी आले असते हो," ती म्हणाली. "पण बाकीच्या नाही म्हणतात. घरात बाई नाही, अंगणात दिवसभर बसायचं कुणाच्या भरवशावर? त्यांच्या नवऱ्यांना कळलं तर? आणि सावड फेडायला तुमच्याकडून येणार कोण?"

"बरं," लझर म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्यात खोटं काहीच नव्हतं.

म्हणून दाराला अडसर घालून तो आणि नाइला वळायला बसले. पहिल्या दिवशीचे गोळे शेळीनं खाल्ले. दुसऱ्या दिवशी पाणी कमी पडलं, रवा रवाच राहिला. मग हळूहळू हाताला समजायला लागलं. पाणी झटकायचं, मुठीनं बारीक पीठ भुरभुरायचं, हात फिरवायचा, फिरवायचा, चाळणीतून काढायचं, वर राहील ते पुन्हा काठवटीत. मीठ हातांच्या चिरांत शिरायचं आणि तो दातांवर दात धरायचा. मेंढीमागं दिवसभर वाकायची सवय असलेली पाठ मांडी घालून बसताना मात्र कुरकुरायची. गुडघे सुजले. उन्हाळ्याच्या त्या भट्टीत वर आणखी चूल पेटवून, भोकांच्या भांड्यात घालून तो वाफवायचा, गरम असतानाच हातानं मोकळा करायचा आणि गच्चीवर चादरींवर पसरायचा. मधल्या वेळात विहिरीचं पाणी, शेळी, भाकरी, हनियाचं न्हाणं. हनियाची वेणी घालायला तो लोकर विंचरायची फणी घ्यायचा, कारण ती केस ओढत नसे. वेणी एका बाजूला कलायची. हनियाला ती आवडायची.

एक रांजण भरला. दुसरा भरला. पुढच्या रांजणापुरता कुसकुस गच्चीवर वाळत होता आणि दक्षिणेकडून लू सुटली.

आधी आभाळ पिवळं झालं, मग तांबडं. वाळूचा तो वारा दोन दोन दिवस थांबत नाही, हे लझरला लहानपणापासून ठाऊक. तो धावत गच्चीवर गेला. लोकरीचे गठ्ठे झाकायला त्याच्याकडे जाड प्लास्टिकचे कागद होते. लोकर त्यांखाली कशी कोरडी राहायची, धुळीचा कणही शिरत नसे. त्यानं तेच कागद कुसकुसावर ओढले, कडांना दगड ठेवले, आणि समाधानानं खाली आला.

"आई जुनी ओढणी घालायची," नाइला म्हणाली.

"ओढणीतून धूळ जाते."

"मग आई चाळायची."

"आता चाळायला नको," लझर म्हणाला.

वारा बसला तेव्हा त्यानं कागद उचलला. खालच्या बाजूनं घाम सुटलेला होता. कुसकुस चिकट झाला होता, आणि आंबलेल्या दुधासारखा वास भपकन वर आला. त्यानं मूठभर उचलून नाकाशी नेला, जिभेवर ठेवला, थुंकला. नाइला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती रडली नाही. ती खाली गेली आणि कोठीत रांजणांपाशी जाऊन बसली.

नासलेला कुसकुस पोत्यांत भरून, गाढवावर घालून लझरनं अम्मारच्या मेंढ्यांसमोर नेऊन ओतला. वास गल्लीभर पोचला होता.

"काय लझरबाई," तय्यबनं पत्ते खाली ठेवत विचारलं, "कुसकुसाला विरजण लावलं होतं का?"

लझर थांबला. "प्लास्टिक घातलं वर," तो म्हणाला. "घाम सुटला आतून. चुकलं माझं."

तय्यबच्या तोंडात पुढची थट्टा तयार होती, ती तशीच राहिली. मागून कुणीतरी हसलं, पण एकटंच.

त्या दिवशी अम्मार चुलीपाशी फार वेळ बसला. "हज्जाला कळलंय," तो म्हणाला. "तिचा पुतण्या म्हणत होता, आता थांबायचं कशाला. लझर, हट्ट सोड. उरलेला गहू विक, मुलींबरोबर तिला चार पैसे पाठव, तुझाही मान राहील."

"किती पोती आहेत तुझ्याकडे?"

"कशाची?"

"गव्हाची. मला एक लागेल. पुढच्या वसंतात तुझ्या सगळ्या मेंढ्या कातरीन, तुझ्या मेहुण्याच्याही."

अम्मारनं कपाळावर हात मारला. पण पोतं दिलं.

गावाच्या खालच्या टोकाला, मशिदीपलीकडे, मन्नाना मावशी राहायची. नवरा तरुणपणीच विहिरीत पडून गेला होता, मुलं शहरांत पांगली होती. वयानं वाकली होती, पण काठी वापरत नसे. लू बसल्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं लझरच्या दारावर थाप मारली. आतून अडसर निघाला.

"हा काय घातलाय? चोरी करतोयस का आत?" ती म्हणाली.

"तसं नाही मावशी. लोक..."

"लोकांसाठीच म्हणतेय. मी आत आले आणि तू अडसर घातलास तर गाव म्हणेल, म्हातारीला म्हातारपणी सुचलं. सताड उघड दार. दगड लाव खाली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे काय चाललंय ते."

लझरनं दोन्ही फळ्या उघडल्या आणि दगड लावले. मन्नानानं चप्पल काढली, काठवटीसमोर बसली, आणि त्यानं सकाळी वळलेला कुसकुस बोटांतून सोडून बघितला.

"उंटाच्या दातांएवढा आहे," ती म्हणाली.

"खाल्ला जातो."

"उंटसुद्धा खातात. बस इथं, समोर. कोपर वर उचल. खांद्यातून फिरव, मनगटातून नाही. मनगटानं वळायला काय चहात साखर ढवळतोयस?"

हनिया हसत सुटली. म्हातारीनं तिला जवळ ओढलं, कललेली वेणी बघितली आणि तशीच राहू दिली.

"मावशी," थोड्या वेळानं लझर म्हणाला, "तुम्ही का आलात? बाकी कुणी आलं नाही."

मन्नाना पाणी शिंपडत राहिली. "मी चौघांना एकटीनं वाढवलं," ती म्हणाली. "जैतून वेचले, भाकरी थापल्या, बड्या घरची जोती सारवली. कुणी डोकावून बघितलं नाही. कुणी बिचारी म्हटलं नाही, की वा म्हटलं नाही. बाईनं करायचंच असतं ते. आणि तू एक वेणी घातलीस तर सगळं गाव भिंतीवरून माना काढून बघतं. अर्धे हसतात, अर्धे रडतात. मला दोन्हीचा कंटाळा आला. म्हटलं, जाऊन कुसकुस तरी वळावा."

 "अल्ला तुमचं भलं करो," लझर म्हणाला.

"ते करेलच. पण मी दान करायला नाही आले. ही सावड आहे. माझा गहू अजून दळायचाय. माझा दिवस ठरेल तेव्हा तू यायचंस."

"मी?"

"मग कोण? या घरातून कोण येणार सावड फेडायला? हनिया?"

"मावशी, तिथं बायका असतील."

"असतील. त्यांना वाटलं तर त्या डोकं झाकून घेतील. तू मान खाली घालून हात चालव. येशील?"

दारासमोरून दोन माणसं गेली. त्यांनी आत बघितलं आणि पावलं भरभर उचलली. लझरनं त्यांच्याकडे बघितलं, मग काठवटीकडे.

"येईन," तो म्हणाला.

"शब्द?"

"शब्द दिला."

त्यानंतर दार रोज उघडंच राहिलं. मन्नाना जमेल तेव्हा यायची, जमणार नाही तेव्हा लझर आणि नाइला दोघंच बसायचे, पण दगड काढले नाहीत. सुरुवातीला पोरं दारात गर्दी करून उभी राहायची. तय्यबच्या दुकानातला एकजण मुद्दाम पाणी मागायला आला. लझरनं उठून पाणी दिलं, हात पुसले आणि पुन्हा बसला. पाणी मागणाऱ्याला करण्यासारखं काही उरलं नाही. बघून बघून पोरं कंटाळली. एके दुपारी भिंतीपलीकडून एक घडी केलेली पातळ सुती चादर अंगणात पडली. धुतलेली, उन्हाचा वास येणारी. पलीकडे दलंदाच्या बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. लझरनं चादर गच्चीवर नेऊन कुसकुसावर घातली. संध्याकाळी धूळ चाळली.

तिसरा रांजण भरला, चौथा भरला. अम्मारचं पोतंही संपलं. पाचव्यात घालायला काही नव्हतं. नासला नसता तर असतं.

जैतुनाची फळं अजून हिरवी होती तेव्हाच हज्जाची गाडी दारात उभी राहिली. मागच्या हौद्यात दोन गाद्या होत्या, मुलींना बसायला. पुतण्या खाली उतरलाच नाही, इंजिन चालूच ठेवलं. आवाज ऐकून अम्मार आला, दलंदा भिंतीशी आली, आणि गल्लीत माणसं उगाचच थांबली.

हज्जानं हनियाचा मुका घेतला. नाइलाचा घेतला. मग कोठीत गेली. लझर मागोमाग गेला.

तिनं पहिल्या रांजणावर टकटक केली. भरलेल्या रांजणाचा बद्द आवाज आला. तिनं झाकण काढलं, बाही खांद्यापर्यंत सारली, आणि हात आत घातला. वरचे दाणे तिला नकोच होते. ती कोपरापर्यंत गेली, दंडापर्यंत गेली, गाल रांजणाच्या काठाला टेकला, आणि अगदी तळातून मूठ भरून आणली. नाकाशी नेली. दोन दाणे दातांखाली फोडले.  दुसऱ्या रांजणातही तसंच केलं. तिसऱ्यातही. चौथ्यातून हात काढला तेव्हा ती दमली होती, आणि घसरून खाली आलेली तिची बाही पिठानं पांढरी झाली होती.

पाचव्यावर तिनं टकटक केली. तो घणघणला.

"हा रिकामा आहे," ती म्हणाली.

"हो."

"पाच म्हटले होते मी."

"म्हटले होतात. पाचव्यातला मी नासवला. मेंढ्यांना घातला."

"किती नासला होता?"

"आंबला होता. फार नाही. वास यायचा."

हज्जा रांजणाच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. "मला वाटलं होतं, तळाशी घातला असशील," ती म्हणाली. "नासका खाली, चांगला वर. मी बायकांना तसं करताना बघितलंय. चांगल्या घरच्या बायकांना. तळापर्यंत हात कोण घालतं? पाच भरलेले दिसले असते."

"दिसले असते. पण वसंताआधी तळ लागला असता, आणि हनियानं खाल्ला असता तो."

बाहेर पुतण्यानं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही.

"आणि वसंतात?" हज्जानं विचारलं. तिचा आवाज आता खाली आला होता. "तू डोंगराकडे जाशील. तेव्हा कोण? ही म्हातारी मन्नाना? भिंतीपलीकडून चादरी फेकणारी?"

"तेव्हा मुली तुमच्याकडे येतील," लझर म्हणाला. "मी स्वतः आणून सोडीन. तुमच्याशिवाय मला जमणार नाही, हज्जा, ते मी नाकारत नाही. पण कातरणी संपली की त्या परत येतील. त्यांचं घर हे आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर जवळचेच कळप घेईन. मजुरी कमी मिळेल. रात्री घरी येईन."

तो हे सांगताना तिच्या डोळ्यांत बघत नव्हता, पण त्याचा आवाजही हलला नाही. हज्जानं ओठ आवळले. कोठीच्या दारात नाइला हनियाचा हात धरून उभी होती, हनियाची वेणी उजव्या खांद्यावर कलली होती. हज्जानं ती वेणी बघितली आणि तिला एकाएकी रडू फुटलं. साल्हा गेली तेव्हाही गावासमोर ती अशी रडली नव्हती. लझरनं मान वळवली. तिला रडू दिलं.

मग तिनं पिठाळ बाहीनंच डोळे पुसले. गालावर पांढरा पट्टा उठला.

"दाणा मोठा आहे," ती म्हणाली. "जास्त वेळ वाफवायला लागेल. दोनदा वाफव, मधे तेलाचा हात लाव. सांगितलं का कुणी?"

"नाही."

"मग आता सांगितलं. शुक्रवारी मुलींना घेऊन ये जेवायला. तूही ये."

ती बाहेर आली. पुतण्यानं हौद्याची कडी आधीच काढून ठेवली होती.

"लाव ती," हज्जा म्हणाली. "गाद्या तशाच परत न्यायच्यात."

"पण पाचवा रांजण..."

"मी बघितलाय. चल."

गाडी गेली. गल्लीतली माणसं काही काम आठवल्यासारखी पांगली. अम्मार भावाच्या खांद्यावर हात ठेवायला गेला आणि मग त्यानं तो हात स्वतःच्याच मानेवर फिरवला.

मन्नानाचा दिवस त्याच आठवड्यात ठरला. निरोप घेऊन तिची शेजारीण आली, दारात उभी राहून, तोंडावर ओढणी धरून सांगून गेली, आणि जाताना म्हणाली, "मावशी म्हणाल्या, नाही जमलं तरी त्या समजून घेतील. तिथं सगळ्याच येणार आहेत."

"जमेल म्हणावं," लझर म्हणाला.

त्या दिवशी पहाटेचा नमाज झाल्यावर त्यानं शेळीचं दूध काढलं, भाकरी करून फडक्यात बांधून ठेवली, नखं कापली, हात कोपरापर्यंत साबणानं घासले. हनिया झोपलेली होती. भिंतीपलीकडून दलंदाचा आवाज आला, "भाऊजी, जा तुम्ही. मुलींकडे मी आहे."

नाइलानं सोबत न्यायची काठवट आणि चाळण्या आणून दिल्या. ती जरा घुटमळली.

"बाबा, तय्यबच्या दुकानावरून नका जाऊ. मागच्या ओढ्यातून जा. तिकडं कुणी नसतं."

"ओढ्यात दगड आहेत," तो म्हणाला. "काठवट पडली तर मावशीला काय सांगू?"

काठवट रुंद होती, काखेत मावत नव्हती, हातात धरून चालता येत नव्हतं. ती न्यायची एकच रीत होती. त्यानं फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, नाइलानं हात लावला, काठवट वर गेली. त्यानं एका हातानं ती सावरली, दुसऱ्या हातात चाळण्या घेतल्या, मान ताठ केली आणि उघड्या दारातून बाहेर पडून दुकानाकडच्या रस्त्यानं चालायला लागला.